चौतीस घोडे आणि एक फिशप्लेट

आमच्या शाळेत तिसरीच्या मुलांना दरवर्षी जनावरं जोडावी लागतात. इंग्रजीत. एका बाजूला जनावर घ्यायचं, दुसऱ्या बाजूला जे सापडेल ते घ्यायचं, मध्ये अधिकचं चिन्ह काढायचं आणि पुढे नवा शब्द लिहायचा. कॅट अधिक फिश, कॅटफिश. बुल अधिक डॉग, बुलडॉग. असे दहा शब्द, दहा चित्रं, एक मोठा तक्ता. याला कंपाउंड वर्ड्स म्हणतात. मराठीतही असले शब्द ढिगाने आहेत, मांजरपाट आहे, गजकर्ण आहे, पण त्यांचे तक्ते कोणी लॅमिनेट करून आणत नाही.

हे तक्ते ओपन डेला वर्गाच्या भिंतीवर लागतात. ओपन डे म्हणजे ज्या दिवशी पालक शाळेत येतात, आपल्या मुलाचा तक्ता शोधतात, मुलाला त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढतात, मग शेजारच्या मुलाचा तक्ता जास्त चकचकीत का, यावर परत जाताना गाडीत भांडतात.

मी या शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवते. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या पुढे हल्ली ज्या दोन-दोन गेटच्या इंग्लिश मिडीयम शाळा झाल्यात, त्यातली ही एक. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते. काही लोक हे सांगताना आवाज बारीक करतात, मला ते जमत नाही. वडील पिंपळगाव बसवंतला टेम्पो चालवायचे, आई पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडायची. मीही इंग्रजी घेऊन फर्स्ट क्लासमध्ये बीए झाल्यावर दोन सीझन त्याच पॅकहाउसमध्ये काढले, कारण खोक्यांवरची लेबलं तपासायला इंग्रजी येणारं माणूस लागायचं. तीन वर्षं इंग्रजी वाङ्मय शिकून दिवसभर 'ग्रेप्स, सीडलेस' वाचत बसायचं. हजार खोक्यांवर हजार वेळा. एकाही खोक्यावर वेगळं काही लिहिलेलं नसायचं.

मग बीएड केलं आणि ही नोकरी लागली. दोन वर्षं प्रोबेशन. दोन वर्षं नीट गेली तर कन्फर्मेशनचं पत्र मिळणार, नाही गेली तर पॅकहाउस होतंच. वडिलांनी टेम्पो स्टँडवर सांगून टाकलं होतं, "पोरगी नाशकात मॅडम हाये. इंग्रजीची." प्रोबेशन हा शब्द त्यांनी मध्ये येऊ दिला नव्हता, आणि मीही त्यांना तो नीट समजावून सांगितला नव्हता.

पहिल्या वर्षी मी तक्त्याचा गृहपाठ दिला तो पुस्तकात होता तसा. त्याच संध्याकाळी काय झालं ते मला नंतर कळलं. एका आईने पालकांच्या ग्रुपवर वहीचा फोटो टाकला. दुसरीने विचारलं, "हे कुठे मिळेल?" कसं करायचं असं कोणीच विचारलं नाही. कुठे मिळेल, एवढंच. आणि ते मिळतंच. शाळेच्या गेटसमोर स्टेशनरीचं एक दुकान आहे, त्यावर पाटीच आहे, 'सर्व इयत्तांचे प्रोजेक्ट तयार मिळतील'. तयार म्हणजे तयार. गव्हाच्या लोंबीपासून ज्वालामुखीपर्यंत. दुकानदार हुशार माणूस. चित्रं इंटरनेटवरून काढतो, एकदाच जुळवतो, वर्गाच्या पटाइतक्या प्रती छापतो आणि फक्त चौकटीचा रंग बदलतो, म्हणजे प्रत्येक घराला वाटतं आपला तक्ता वेगळा आहे. मुलाच्या वाट्याला एकच काम उरतं, खाली स्वतःचं नाव लिहायचं. तेही काही आया लिहून देतात, अक्षर चांगलं यावं म्हणून.

तर सोमवारी माझ्या टेबलावर चौतीस तक्ते आले. पहिला उघडला. सीहॉर्स म्हणजे घोड्याच्या तोंडाचा लहानसा मासा, पण त्या शब्दाखाली घोडा होता. खराखुरा घोडा. चौपाटीवर पोरांना फेऱ्या मारून आणतो तसला, लाल झूल घातलेला, मागे समुद्र. सी अधिक हॉर्स, समुद्रापाशी घोडा. दुकानदाराच्या हिशेबाने बरोबर होतं.

मला वाटलं, एका पोराची चूक. दुसरा उघडला. घोडा. तिसरा, घोडा. पाचव्या तक्त्याला माझ्या लक्षात आलं की तोच समुद्र आहे, तीच झूल आहे आणि घोड्याच्या पायाशी पडलेलं कणीसही तेच आहे.

माझ्या हातात सोनेरी तारे होते, चिकटवायचे. शाळेत येऊन मला अजून वर्षही झालं नव्हतं. तेवढ्यात आमच्या कोऑर्डिनेटर मॅडम वर्गात आल्या, तक्ते बघितले, म्हणाल्या, "ब्यूटिफुल! सो नीट!" बोट नेमकं घोड्यावर ठेवून म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, घोड्याकडे बघितलं आणि तारा लावला. मग सगळ्यांनाच लावला. चौतीस घोड्यांना चौतीस तारे. ओपन डेला घोड्याशेजारी उभं राहून चौतीस फोटो निघाले. त्यात दोन डॉक्टर होते, एक वकील होते, एक प्राध्यापक होते. एकानेही विचारलं नाही. मलाच ठाऊक होतं, आणि मीच गप्प होते. माझ्या डिग्रीचा उपयोग त्या दिवशी एवढाच झाला की गप्प कशाबद्दल बसायचं हे मला नेमकं कळत होतं.

दुसऱ्या वर्षी तो गृहपाठ जवळ आला तेव्हा मी एका रविवारी पिंपळगावला होते. वडिलांनी टेम्पो आता विकलाय, पण ओट्यावर बसल्या बसल्या हायवेवरून कोणती गाडी गेली ते आवाजावरून सांगतात. मी वह्या तपासत होते. त्यांनी विचारलं, "काय शिकिवती आता?"

"जनावरांच्या नावांपासून शब्द. इंग्रजीत जनावराला दुसरं काही जोडून नवा शब्द होतो ना, ते."

"म्हंजी कॅट-आय?"

मी वही मिटली. "कुठला कॅट-आय?"

"अगं, रोडवर नाय का बसवलेले? चमकत्यात ते. त्याच्यावरच तर वीस वर्सं घाट उतरलो." मग त्यांना जोर चढला. "झेब्रा क्रॉसिंग लिही. हॉर्सपावर लिही, विहिरीवर पाच हॉर्सपावरची मोटर हाये. मंकी कॅप लिही, ती माझ्या डोक्यावरच हाये."

आई आतून म्हणाली, "बर्ड नेट. बागंवर टाकत्यात ते."

वडील म्हणाले, "बघ, तुझी आय बी इंग्लिश मिडीयम."

दोन मिनिटांत पाच शब्द. चौथीपुढे न शिकलेला माणूस आणि अंगठा सोडून नुकती सही शिकलेली बाई. दुकानातल्या तक्त्यावर सीहॉर्स, स्टारफिश, जेलीफिश, सगळं समुद्रातलं. नाशिकपासून समुद्र किती लांब! आणि जे शब्द घरात रोज तोंडात येतात, ते आपले म्हणून कोणी धरतच नव्हतं. त्यांना वाटायचं ते आपलं बोलणं आहे, इंग्रजी म्हणजे वेगळं काहीतरी असतं, ज्याची फी असते.

सोमवारी वर्गात मी सांगितलं, "तक्ता नको. दुकानातलं काही नको. अर्धा कागद घ्यायचा. घरी आईबाबांना विचारायचं, तुमच्या कामात जनावराचं नाव असलेला कोणता इंग्रजी शब्द आहे? तो लिहायचा. चित्र त्यांनीच काढायचं, कसंही येवो."

पालकांच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी शांतता होती. मग एका आईने लिहिलं, "मॅम, फॉरमॅट पाठवाल का?" मी लिहिलं, "फॉरमॅट नाही."

कागद आले. असे कागद मी त्या शाळेत बघितले नव्हते. एकीच्या आईचं पार्लर आहे, तिने फिशटेल वेणी काढली होती, पाठमोरी, एकेक बट वेगळी. अंबडच्या कंपनीत फिटर असलेल्या बापाने बटरफ्लाय वॉल्व्ह काढला होता, आतली चकती फिरते कशी ते बाणांनी दाखवलं होतं. सातपूरला लेथवर काम करणाऱ्याने अळीसारख्या आट्यांचं वर्म गिअर. इंटरनेटच्या वायरी जोडणाऱ्याने पिगटेल, म्हणजे जोडणीची आखूड वायर. एका कारखानदाराच्या मुलाच्या कागदावर गाडीच्या तोंडाशी लावतात तो बुलबार होता, तो घरच्या ड्रायव्हरने काढून दिला होता, असं मुलानेच सांगितलं, कारण पप्पा मीटिंगमध्ये होते. एका डॉक्टरांच्या मुलाचा कागद मात्र छापील आला. दुकानातलाच. वर ठळक अक्षरात शीर्षक होतं, 'माझ्या घरच्यांनी सांगितलेले शब्द'.

आणि एका मुलीने फिशप्लेट आणली. तिचे वडील रेल्वेत ट्रॅकमन, मनमाडच्या बाजूला ड्युटी. मुलीच्या शाळेसाठी घर नाशिकरोडला केलंय, स्वतः रोज गाडीने जाऊन-येऊन करतात. कागदावर पट्टीने आखून दोन रूळ काढले होते, जिथे ते एकमेकांना भिडतात तिथे बाजूने लावलेली लोखंडी पट्टी आणि चार बोल्ट. खाली मराठीत लिहिलं होतं, 'दोन रूळ जोडणारी पट्टी. रोज चालत जाऊन बोल्ट बघणे. ढिला असेल तर त्याच वेळी आवळणे.' अक्षर ठसठशीत. तिसरीच्या मुलीसाठी नव्हे, साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं.

मुलीने सांगितलं, "मॅम, पप्पांनी तीन कागद फाडले. बोल्ट गोल येत नव्हता."

मी सगळे कागद भिंतीवर लावले. मुलं मधल्या सुट्टीत बाहेर जाईनात. "ए, तुझ्या पप्पांचं वर्म गिअर कुठे असतं रे?" "लेथमध्ये." "चावतं?" दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या वर्गातल्या मुलांनी इंग्रजी शब्दाबद्दल एकमेकांना काही विचारलं होतं.

कोऑर्डिनेटर मॅडम तेव्हा भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. त्या मूळच्या सटाण्याच्या. हे त्या कोणाला सांगत नाहीत. मला ठाऊक आहे, कारण एकदा स्टाफरूममध्ये भावाशी फोनवर बोलताना त्यांच्या तोंडून अहिराणीतलं 'शे' निसटलं होतं, आणि दारात मला बघितल्यावर लगेच "ओके, ओके, बाय" झालं होतं. बाकी शाळेत त्या मराठी बोलतात तेही इंग्रजी बोलल्यासारखं, ओठ फार न हलवता.

ओपन डेच्या दोन दिवस आधी त्या परतल्या आणि माझ्या वर्गात आल्या. भिंतीसमोर थांबल्या. पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"टीचर, व्हॉट इज धिस? वर्ग आहे की गॅरेज?"

"मॅडम, घरी विचारून आणायला सांगितलं होतं. सगळे शब्द डिक्शनरीत बघून घेतलेत मी."

"डिक्शनरीत बरंच काही असतं. सगळं भिंतीवर लावतो का आपण?" त्यांनी बटरफ्लाय वॉल्व्हवर नख ठेवलं. "आणि हे दोन शब्द झाले. मध्ये गॅप आहे."

"इंग्रजीत तसंही चालतं, मॅडम."

"इंग्रजीत चालत असेल. आपल्याकडे नाही चालत."

मग त्या फिशप्लेटपाशी गेल्या, वाचलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्ही नवीन आहात. आपल्याकडे कसे कसे पालक येतात? त्यांच्या मुलांच्या शेजारी हे, 'रोज चालत जाऊन बोल्ट बघणे'? कसं दिसतं ते? बापाचं काम भिंतीवर लावायचं नसतं. मुलांना कानकोंडं होतं."

मुलांना काही झालं नव्हतं. मुलं वर्म गिअर चावतं का विचारत होती.

"ट्रस्टी सर येणार आहेत परवा," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं कन्फर्मेशन याच महिन्यात आहे ना?"

प्रश्न नव्हताच तो. दुपारी शिपाईमामा दुकानातून गुंडाळी घेऊन आले. दुकानदाराने मागच्या वर्षीची फाइल जपून ठेवली होती, नुसतं बटन दाबायचं होतं. चौतीस तक्ते. मी पहिला उलगडला. लाल झूल, तोच समुद्र, तेच कणीस.

आणि मी ते लावले. कोणी माझा हात धरून लावून घेतले नाहीत. मीच स्टुलावर चढले, मीच कागद उतरवले, मीच खाली मुलांची नावं घालून घोडे चढवले. मुलांना पुढच्या दिवशी सांगितलं, "ते रफ होतं, हे फेअर." ट्रॅकमनच्या मुलीने विचारलं, "मॅम, माझं रफ कुठे ठेवलं?" मी म्हटलं, "कपाटात आहे." तिने कपाटाकडे बघून घेतलं, कुलूप आहे का ते.

ओपन डेला सकाळी वर्ग भरला. परफ्यूम, फोन, "इकडे बघ, स्माइल". कोऑर्डिनेटर मॅडम ट्रस्टी सरांना घेऊन भिंत दाखवत होत्या. सर भला माणूस, सगळ्याला "व्हेरी गुड" म्हणतात. एकदा पंख्यालाही म्हणाले होते.

साडेदहाच्या सुमाराला ट्रॅकमन आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. मुलीची आई दर वर्षी यायची, हे पहिल्यांदाच येत होते. त्यांनी माझ्याकडे न येता भिंतीचं एक टोक गाठलं आणि वाचत निघाले. एकेक तक्ता. दुसरे पालक आपल्या पोराचा तक्ता शोधतात, हे ओळीने सगळे बघत होते, थांबून, किंचित वाकून. रूळ बघत चालतात तसे. मी लांबून बघत होते आणि मला कळत होतं की हा माणूस दुसऱ्या टोकाला पोचणार आहे.

पोचले. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, नमस्कार. आमची फिशप्लेट कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत कोऑर्डिनेटर मॅडम हसत मध्ये आल्या. "सर, ते रफ वर्क होतं. हे फायनल आहे. बघा ना, किती छान दिसतंय!"

"रफ?" ते म्हणाले. "मॅडम, फिशप्लेट रफ असली तर गाडी पडंल."

पार्लरवाल्या बाई खुदकन हसल्या. ट्रॅकमन हसले नाहीत. त्यांनी मुलीच्या नावाच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "आन् मॅडम, एक इचारू का? पोरीच्या पुस्तकात सीहॉर्स म्हणून मासा दाखवलाय. असा उभा, शेपटी वळलेली. हितं तर घोडा हाय. सगळीकडं घोडाच हाय. मी पहिल्यापासून मोजत आलो, चौतीस हायेत. कुठलं बरोबर?"

वर्गात फोन खाली आले. डॉक्टरांनी मुलाच्या तक्त्यात डोकं घातलं. ट्रस्टी सर "व्हेरी" म्हणाले आणि थांबले. कोऑर्डिनेटर मॅडम घोड्यापाशी गेल्या, डोळे बारीक केले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "हाई काय शे?"

ते फक्त मला कळलं असावं. पुढच्याच क्षणी त्या माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "टीचर, तुम्ही चेक केलं नव्हतं?"

ट्रस्टी सर माझ्याकडे बघत होते. ट्रॅकमन बघत होते. त्यांची मुलगी कपाटाकडे बघत होती. त्या वेळी "नजरचूक झाली" एवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. मॅडमनी मान डोलावली असती, सर "व्हेरी गुड" म्हणाले असते, पत्र आलं असतं. मला ते वाक्य तयार सुचलंही होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट.

पण मला आठवलं ते 'त्याच वेळी आवळणे'. या माणसाने तीन कागद फाडले होते बोल्ट गोल यावा म्हणून.

"चेक केलं होतं," मी म्हणाले. "घोडा चुकीचा आहे. मागच्या वर्षीही हाच होता. तेव्हाही मला दिसला होता आणि मी त्याला तारा दिला होता. हे तक्ते मुलांनी केलेले नाहीत, समोरच्या दुकानातले आहेत. मुलांनी आणलेलं इथे आहे."

पर्समधून किल्ली काढली. कुलूप जरा अडलं. कागद काढून बाकांवर मांडायला लागले तर मुलंच पुढे झाली, "हे माझं, हे माझं". पार्लरवाल्या बाई आपल्या मुलीचे केस तिथेच सोडून फिशटेल घालून दाखवायला लागल्या. फिटर बटरफ्लाय वॉल्व्ह ट्रस्टी सरांना समजावत होता आणि सर दोन्ही हात फिरवून बघत होते. कारखानदार आपल्या मुलाला हळूच विचारत होते, "बुलबार कोणी काढला रे?" ट्रॅकमनने आपला कागद उचलला, एक कोपरा दुमडला होता तो अंगठ्याने सरळ केला, परत ठेवला आणि मला म्हणाले, "एक बोल्ट जरा वाकडाच आलाय, मॅडम." मग ड्युटी होती म्हणून निघून गेले. फोटो काढला नाही त्यांनी.

त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला. प्रोबेशन म्हणजे काय ते नीट सांगितलं आणि आज काय झालं तेही सांगितलं.

त्यांनी आधी आईला टीव्ही बारीक करायला सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजी दोन वर्सं तू कच्चीच होतीस? मी स्टँडवर काय काय सांगून बसलो!"

"हो."

"आन् घोडा दिसला हुता तरी मागच्या सालाला बोलली नाय?"

"नाही."

"मग त्ये चुकलंच की." एवढंच. मी फर्स्ट क्लास आहे, याचा त्यांनी उल्लेख केला नाही.

पुढचं सांगते, म्हणजे इंग्लिश मिडीयम शाळा कशा चालतात ते कळेल. शाळेच्या वार्षिक पुस्तिकेत त्या कागदांचा पानभर फोटो आला. शीर्षक होतं, 'घराकडून वर्गाकडे: एक अभिनव उपक्रम', आणि खाली, 'संकल्पना: कोऑर्डिनेटर'. त्यांनी त्यावर शिक्षकांसाठी एक तासाचं भाषणही दिलं. चांगलं दिलं, खरं सांगते. फिशप्लेटचं उदाहरण त्यांनी सगळ्यात शेवटी, थांबून थांबून घेतलं. समोरच्या दुकानात आता नवा तयार तक्ता मिळतो, 'घरच्या कामातले प्राणी-शब्द'. कागद मुद्दाम चुरगळलेला, रेघा मुद्दाम वाकड्या. दुकानदार सांगतो की तोच जास्त खपतो.

आणि महिनाअखेरीस मला पत्र आलं. कन्फर्मेशन नाही, प्रोबेशन एक वर्ष वाढवलं. कारण इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत त्याचा अर्थ असा होतो की, 'सदर शिक्षिकेला शैक्षणिक साहित्यातील चूक ओळखता आली नाही.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. पॅकहाउसमध्ये लेबल चुकीचं असलं की आम्ही खोकं परत पाठवायचो. मीही परत पाठवलं. सोबत अर्ज जोडला, की चूक मला ओळखता आली होती, दोन्ही वर्षी आली होती, ओळखून मी गप्प बसले. शिक्षा मान्य आहे. कारण दुरुस्त करून मिळावं.

ट्रस्टी सरांनी बोलावून घेतलं. "अहो, एका वाक्याने काय होतं? उलट तुम्ही लिहिलंय ते जास्त वाईट दिसतं."

"हो सर. पण मी इंग्रजीची पदवीधर आहे. मला सीहॉर्स ओळखता येत नाही, असं लेखी नको."

सर म्हणाले, "व्हेरी गुड. बघू."

तिसरं वर्ष चालू आहे. पत्र अजून दुरुस्त होऊन आलेलं नाही, दर पंधरा दिवसांनी मी ऑफिसात जाऊन विचारते. जाताना रिसेप्शनवरून जावं लागतं. तिथे भिंतीवर ओपन डेच्या तक्त्यांतला एक घोडा अजून आहे. तक्ता लॅमिनेट केलेला आहे, चांगला राहिलाय, म्हणून काढला नाही म्हणतात.